माघारी फिरायचं नसतं, असं कोण म्हणालं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

ताई, नमस्कार. मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. थोडंफार लिहितो. गेल्या आषाढात आई गेली. वडील तेव्हा वारीत होते. आमच्या गावच्या दिंडीचे ते विणेकरी. चाळीस वर्षांत वारी चुकलेली नाही. दिंडी बार्शीच्या पुढं गेली होती, तेव्हा मी फोन केला. ते म्हणाले, "तिचं सोनं झालं बाबा. दशमीला तिथं असायला पायजे. पंढरीच्या वाटंवरून माघारी फिरायचं नसतं." रात्रीची एसटी धरली असती तर ते सकाळी पोचले असते. अग्नी मी दिला. ते काला करून, दहाव्याच्या तोंडावर घरी आले. रडले नाहीत. आता माझ्याकडं तालुक्याला राहतात. माझा देवावरचा विश्वास उडालाय. तरी संध्याकाळी त्यांच्याबरोबर हरिपाठाला बसतो आणि आपण ढोंग करतोय असं वाटतं. गावच्या सप्ताहात यंदा कविसंमेलन ठेवलंय, तिथं सोबतची कविता वाचायची आहे. थोरली बहीण म्हणते, पाप लागेल. वडील म्हणतात, यंदा तू माळ घाल, आईच्या नावानं वारीला चल, वीणा तुझ्या गळ्यात द्यायचीय. मी काय करू? आणि श्रद्धा गेली तर माणसात चांगुलपणा उरतो का? (नाव छापू नये.)

उत्तर:

तुमच्या पाकिटात दोन कविता निघाल्या. पत्रात तुम्ही एकीबद्दलच लिहिलंय. दुसरी त्याच कागदाच्या मागं आहे, वर "ही कच्ची" असा शेरा. दोन्हींबद्दल बोलू, पण आधी वडिलांबद्दल, कारण पत्रभर तेच आहेत आणि त्यांच्याबद्दल तुम्ही एकही प्रश्न विचारलेला नाही.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर चटकन देऊन टाकते. हो, उरतो. श्रद्धेवाचून चांगली असलेली माणसं तुमच्या शाळेत असतील, गावात असतील, तुम्हीही बहुधा त्यातलेच आहात. श्रद्धा असून कोरडी राहिलेलीही असतील. या प्रश्नावर जास्त थांबत नाही, कारण तुमचं दुखणं तिथलं नाही.

वडील चुकले. घरच्यांच्या तंट्यात सल्ला देणाऱ्यानं दोन्ही बाजूंनी गोड बोलावं अशी रीत आहे, पण इथं मला ती पाळवत नाही. ज्या बाईनं चाळीस वर्षं त्यांच्या मागं घर धरून ठेवलं, पेरणीच्या धांदलीत त्यांना दरवर्षी वाटेला लावलं, तिला पोचवायला त्यांनी यायला हवं होतं. आणि हे मी वारीच्या बाहेर उभी राहून म्हणत नाही, त्यांच्याच परंपरेच्या आधारानं म्हणतेय.

वीणा खाली टेकवायची नसते, हे खरं. पण म्हणूनच ती पाळीपाळीनं या गळ्यातून त्या गळ्यात जाते. सप्ताहात सात दिवस पहारा चालतो तो एका माणसाच्या पायावर चालत नाही. एक दमला की दुसरा पुढं येतो, पायाला हात लावतो, वीणा घेतो. थकव्याला, आजाराला, घरच्या निरोपाला जागा राहावी म्हणूनच ही सोय आहे. तुमच्या दिंडीत त्या दिवशी वीणा घ्यायला हात पुढं करणारी माणसं नक्की होती.

"माघारी फिरायचं नसतं" हे वाक्य आपल्याकडं फार पक्कं मानतात. पण हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीच्या नामदेवांचा अभंग वडिलांनाही पाठ असेल: "पतितपावन नाम ऐकुनी आलो मी दारा, पतितपावन न होसी म्हणुनी जातो माघारा." वाटेवरून तर सोडाच, थेट दारापर्यंत जाऊन हा माणूस देवाला सांगतो की तुझ्या नावाप्रमाणं तू वागत नाहीस, मी निघालो. पुढं देवाला कृपण म्हणायलाही तो कमी करत नाही. गावोगावच्या भजनात हा अभंग टाळ वाजवून म्हणतात, आणि पाप लागेल असं कोणी म्हणत नाही.

पैठणच्या नाथांची गोष्ट तर तिसरीतल्या पोरालाही ठाऊक असते. काशीची कावड रामेश्वराला निघालेली. वाटेत वाळवंटात तहानेनं तडफडणारं गाढव दिसलं आणि एकनाथांनी खांद्यावरचं पाणी त्याच्या तोंडात ओतलं. बरोबरचे हळहळले, यात्रा फुकट गेली म्हणाले. आपण ही गोष्ट भूतदयेची म्हणून शाळेत शिकवतो आणि पुढं सरकतो. मला त्यात दुसरंही दिसतं. यात्रेचा नेम हा मोडता येणारा नेम आहे, आणि तो कशासाठी मोडायचा हे ओळखणं हीच यात्रेकरूची परीक्षा. नाथांनी गाढवासाठी मोडला. तुमच्या वडिलांच्या घरी तर बायको होती.

आणि पुंडलिक. आईबापाच्या सेवेत होता म्हणून दारी आलेल्या देवाला त्यानं वीट फेकून थांब म्हटलं, आणि देव अजून थांबलाय, असं जे दैवत, त्याला वडील एक दिवस उशिरा भेटले असते तर काय बिघडलं असतं?

आता हे सगळं वाचून तुमचे हात शिवशिवले असतील. हे कात्रण त्यांच्यासमोर ठेवावं, नाथांची कावड, पुंडलिकाची वीट एकेक करून दाखवावी. कृपा करून तसं करू नका. तुम्हाला वाटतं त्यांना पुंडलिक आठवला नसेल? चाळीस वर्षं "पुंडलिक वरदे" म्हणून सुरुवात करणारा माणूस आहे तो. बार्शीपासून पंढरपूरपर्यंत रोज काकड्याला, रोज हरिपाठाला, कीर्तनाच्या आधी आणि नंतर ती आरोळी त्यांच्याच तोंडून निघाली असणार. त्यातल्या एकाही वेळी त्यांच्या मनात काही हललं नसेल असं मानायला मी तयार नाही. ते रडले नाहीत हे तुम्ही लिहिलंत. दशमीला चंद्रभागेत उतरल्यावर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही.

तुमची बहीण आणि तुम्ही दोघंही तेरला जाऊन आला असाल. धाराशिव जिल्ह्यातलं गोरोबाकाकांचं गाव. तुमच्या घराची गोष्ट मला तिथं सापडते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोरा कुंभार चिखल तुडवत होते. बायको पाण्याला गेली, रांगतं मूल अंगणात ठेवून. भजनात डोळे मिटलेले, पाय चालू. मूल चिखलात आलं आणि तुडवलं गेलं. बायको परत आली, तिनं चिखल पाहिला. कीर्तनात ही जागा आली की मंडपात बायका पदर डोळ्याला लावतात. मग महाराज पुढं जातात: तिचा आक्रोश, गोरोबांना आलेला राग, ते अंगावर धावून गेले, ती म्हणाली विठोबाची आण आहे, मला शिवाल तर. त्यांनी आण पाळली. पुढं तिच्या बहिणीशी लग्न, दोघींना सारखं वागवायची अट, म्हणून दुसरीलाही स्पर्श नाही. मग स्वतःचे हात तोडणं. मग पंढरपूर, कीर्तन, हात पुन्हा फुटले, मूल रांगत आलं, जयजयकार.

महाराजांना जयजयकाराची घाई असते, ते समजण्यासारखं आहे, पुढं काल्याचा प्रसाद वाटायचा असतो. पण ही गोष्ट ज्यांनी सातशे वर्षं सांगितली त्यांनी एक फार मोठं काम केलंय. त्यांनी त्या बाईचं तोंड बंद केलं नाही. देवाच्या नादात तुम्ही माझं लेकरू मारलंत, हे ती संताला तोंडावर म्हणते. आणि शस्त्र कोणतं वापरते? त्याच विठोबाचं नाव. तिला कोणी नास्तिक म्हणत नाही, पापी म्हणत नाही, संताचा अपमान केला म्हणून तिला शिक्षाही होत नाही. उलट तिची आण इतकी खरी मानली जाते की त्यापुढं गोरोबांना हात गमवावे लागतात. म्हणजे भक्तीच्या नादात माणूस तुडवला गेला तर त्याची भरपाई भक्तानं अंगानं करायची, ही कबुली आपल्या वारकरी कथेतच आहे. मी बाई आहे म्हणून मला ती बाई आधी दिसत असेल. असेना.

फरक एवढाच की गोष्टीत मूल परत येतं, आणि तुमच्या आई येणार नाहीत. तुम्ही विश्वास उडाला म्हणता ना, तो इथं उडालाय. चमत्काराच्या आधीच्या जागी तुम्ही अडकून राहिलात. कबूल आहे, ती फार वाईट जागा आहे. पण तिथं तुम्ही एकटे नाही. वडीलही त्याच चिखलात उभे आहेत असा माझा अंदाज आहे. त्यांनी मात्र डोळे मिटलेले ठेवलेत.

आता कविता. जी तुम्हाला वाचायची आहे तिची पहिली दोन कडवी वाचकांसाठी इथं देते:

आईच्या चितेला । मीच दिली आग ।
तुझ्या रंगी दंग । बाप माझा ॥
वाळवंटी तुझ्या । टाळांचा कल्लोळ ।
घरी विझे जाळ । चुलीतला ॥

अभंगाचा छंद तुम्हाला चांगला जमलाय, अक्षरं मोजून बसली आहेत, आणि दुसऱ्या कडव्यातला चुलीतला जाळ मला लागला. पुढच्या चार कडव्यांत तुम्ही विठ्ठलाला बरंच काही म्हणता: लबाड, कमरेवर हात ठेवून गंमत बघणारा, दुसऱ्याच्या संसारावर जगणारा. बहीण म्हणते पाप लागेल. तिला सांगा, गंगाखेडची जनाबाई काय म्हणून गेली ते गाथा उघडून बघ. "अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या." त्याच्या बायकोला रंडकी ठरवते, त्याचं मढं गेलं म्हणते, आणि शेवटी "उभी राहूनि अंगणी, शिव्या देत दासी जनी" अशी सही करते. नाथांच्या भारुडातली सून भवानीला रोडगा कबूल करून सासरा तिकडंच खपू दे, सासू मरू दे, नवऱ्याचीही आहुती देईन, सगळेच जाऊ दे, एकटीच राहू दे असं मागते, आणि ते भारूड देवळात होतं, म्हाताऱ्या सासवा हसून लोळतात. त्याचा आतला अर्थ वेगळा आहे, मला ठाऊक आहे, पण वरचे शब्दही नाथांनीच निवडले. तेव्हा पापाचा विषय मिटला. मराठवाड्याच्या देवाला शिव्या ऐकायची सवय आहे.

माझी हरकत वेगळी आहे. तुमची शिवी विठ्ठलाला नाहीच.

जनी ज्याला शिवी देते त्याच्याकडंच बघून देते. तिच्या अभंगातून विठ्या काढून घेतला तर काही उरत नाही. तुमच्या कवितेतून विठ्ठल काढा, त्या जागी काहीही ठेवा, दारू ठेवा, राजकारण ठेवा, कविता तशीच उभी राहते. कारण तिचा सगळा भार पहिल्या कडव्याच्या शेवटी आहे, "बाप माझा". देवाचं नाव घेऊन तुम्ही बापाला बोलताय, आणि तेही गावाच्या मंडपात, माईकवर, ते पहिल्या ओळीत टाळ घेऊन बसलेले असताना. त्यांना उठता येणार नाही, उत्तर देता येणार नाही. टाळ्या पडतील, पोरं व्हिडिओ काढतील आणि रात्रीपर्यंत तो गावच्या ग्रुपवर फिरेल. दुसऱ्या दिवशी तुमचे वडील तुमच्याच घरात, तुमच्याच ताटात जेवतील. ही कविता त्या मंडपात वाचू नका. देवाच्या धाकानं नव्हे. म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत असं गाठायचं नसतं, म्हणून. तुम्ही चांगुलपणाचं विचारलं होतंत, त्याचा निकाल मला वाटतं अशाच जागी लागतो.

घरच्या माणसाबद्दल लिहूच नये असं मी म्हणत नाही. वैजापूर तालुक्यात शिऊरला बहिणाबाईंची समाधी आहे, तुकोबांना गुरू मानणाऱ्या. जन्म 1628 चा, कन्नडजवळच्या देवगावचा. त्यांनी आत्मनिवेदनाच्या अभंगांत नवऱ्यानं केलेली मारहाण लिहून ठेवली आहे. त्या काळात, ब्राह्मणाच्या घरात, बाईनं. वेद-पुराणं बाईला दूर लोटतात, मग मी परमार्थ करायचा कसा, हा सवालही टाकलाय. पण त्याच निवेदनात नवरा आजारी पडला तेव्हा आपण त्याच्या उशाशी बसलो, पुढं त्याचं मन पालटलं, हेही आहे. नवऱ्याला वाचवायला मार लपवला नाही आणि आपला राग टिकवायला त्याचं पालटणं लपवलं नाही. तीनशे वर्षांनंतरही आपण ते वाचतो ते या दोन्हींमुळं. तुमच्या सहा कडव्यांत वडिलांचं फक्त न येणं आहे.

कागदाच्या मागच्या बाजूची कविता मी तुमच्या परवानगीवाचून छापतेय, रागावू नका:

धपाटे बांधले तिनं पहाटे,
म्हणाली, "पुरवून खा वाटंनं."
तो गेला.
ती गेली.
पिठाच्या डब्यात तिची चार बोटं
अजून तशीच उमटलेली.

ही कच्ची नाही हो. हिला हातही लावू नका, फार तर शेवटच्या ओळीतलं "अजून" काढून बघा, आणि नाही जमलं तर राहू द्या. हिच्यात कोणाला दोषी ठरवायचं नाही, देवालाही बोलावलेलं नाही, आणि तरी तुमच्या आईला न पाहिलेली मी तिला ओळखू लागले. संमेलनात वाचायची तर ही वाचा. वडील समोर बसलेले असले तरी वाचा. त्या मंडपातल्या निम्म्या बायकांनी त्या महिन्यात कोणासाठी तरी धपाटे बांधलेले असतात, त्यांना टाळ्या वाजवायचं भान राहणार नाही.

या कवितेवरून मला एक प्रश्न पडला, तो तुमच्यासाठी आहे. धपाटे चार दिवस टिकतात. पाचव्या दिवसापासून वडील दिंडीतल्या पंगतीत जेवले असणार. मग ते बांधलेलं फडकं कुठं गेलं? फोन आला तेव्हा ते त्यांच्या पडशीत होतं का? "तुम्ही का आला नाहीत" असं विचाराल तर ते पुन्हा तेच पाठ केलेलं वाक्य म्हणतील, माघारी फिरायचं नसतं. त्या वाक्याच्या आड ते वर्षभर बसले आहेत. फडक्याबद्दल विचारा. फोन कोणत्या झाडाखाली आला, बाजूला कोण होतं, त्या रात्री कीर्तनाला उभे राहिलात का, अभंग कोणता होता. माणसाला का विचारलं की तो वकिली करतो. कुठं, केव्हा, काय खाल्लं असं विचारलं की सांगू लागतो. खेड्यातल्या पुरुषांना तर बायकोबद्दल बोलायला अशीच आडवाट लागते.

आणि एक गोष्ट तुमच्या पत्रात कंसात आहे, वर सारांशात मी ती घेतली नव्हती. त्या रविवारी तुम्ही गावाकडं जाणार होतात, पण शाळेच्या प्रवेशाच्या कामात गेला नाहीत. तुम्ही ती कंसात का टाकलीत ते मला कळतं. त्यात तुमचा गुन्हा नाही. आई त्या आठवड्यात जाणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण कवितेतला सगळा राग वडिलांच्या नावावर मांडण्याआधी या कंसाकडं एकदा सरळ बघा. मला वाटतं थोडा राग तिकडचा आहे.

आता तुमचे रोजचे प्रश्न.

हरिपाठाला बसणं ढोंग आहे का? मला नाही वाटत. हरिपाठाला बसलेला प्रत्येक जण आतून विठ्ठलमय असतो असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही फार कमी हरिपाठ बघितलेत. कोणाचं लक्ष बैलाच्या वैरणीकडं, कोणाचं सोयाबीनच्या भावाकडं, कोणाला नुसतं बाजूच्या माणसाच्या सुरात सूर मिसळायला आवडतं. बायको गेलेला एक म्हातारा संध्याकाळी एकटा बसू नये म्हणून तुम्ही त्याच्याशेजारी टाळ धरता, यात खोटं काय आहे? खोटं तेव्हा होईल जेव्हा तुम्ही त्यांना वाटू द्याल की पोराची श्रद्धा परत आली. म्हणून एकदा सांगून टाका. भांडणाच्या सुरात नको, जेवताना सांगा: "बाबा, माझं मन देवात नाही राहिलं. पण तुमच्यासोबत बसायला आवडतं म्हणून बसतो." ते गप्प होतील. कदाचित म्हणतील, "बसत जा, तोच बघून घेईल." त्यांच्या पिढीच्या माळकऱ्यांना अशा बाबतीत आपल्याला वाटतो त्यापेक्षा जास्त धीर असतो. नामदेवांचं माघारी जाणं त्यांनीही आयुष्यभर गायलंय.

माळ मात्र घालू नका. इथं मी वडिलांच्या बाजूनं बोलतेय. माळ हा शब्द दिलेला असतो: खाण्यापिण्याचा, एकादशीचा, दरवर्षीच्या वारीचा. हरिपाठात मन नसलं तर चालतं, शब्द देताना मन नसलं तर चालत नाही. आईच्या नावानं घातलेली माळ दोन वर्षांनी खुंटीला टांगायची वेळ आली तर त्यांना ते दुसऱ्यांदा कोणी गेल्यासारखं वाटेल. वीणेचंही तेच. विणेकरी हा दिंडीतला मान आहे, बापाकडून पोराकडं आपोआप जावा असा सातबारा नव्हे. ज्याचं मन त्यात आहे अशा कोणाच्या तरी गळ्यात ती जाऊ द्या. आणि खरं सांगू का, वडील ती तुमच्या गळ्यात का घालू पाहताहेत याचा मी विचार केला. गेल्या वर्षी जी उतरवायला हवी होती ती ते आता उतरवताहेत, असं मला वाटलं. चुकतही असेन.

वारीला जावं का? पूर्ण वारी नको. शाळेच्या रजा जमल्या तरी नको, पंधरा-वीस दिवस दिंडीत तुम्ही चिडचिड कराल आणि त्यांना तुमची काळजी करत चालावं लागेल. पण शेवटचे तीन-चार दिवस जा. बार्शीच्या पुढं, ज्या मुक्कामी तुमचा फोन पोचला होता, तिथं त्यांना गाठा. तिथून पंढरपूरपर्यंत बरोबर चाला. भक्त म्हणून चालायची गरज नाही. गेल्या वर्षी त्या रस्त्यानं त्यांच्या शेजारी घरचं कोणी नव्हतं, यंदा असेल. वर जे प्रश्न सुचवले ते घरी न विचारता त्या वाटेवर विचारले तर जास्त सोपे जातील. चालताना एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, आणि मागं टाळांचा आवाज असतो, कोणी रडलं तरी बाकीच्यांना कळत नाही. ते बोलले नाहीत तरी चालत राहा. शेवटच्या मुक्कामावर, पंढरपूर समोर दिसताना, तुम्हाला त्यांना रागावून एक वाक्य बोलावंसं वाटलं तर तिथं बोला: तुम्ही यायला पाहिजे होतं. तोंडावर, एकट्यात, एकदाच. ते ऐकायचा त्यांचा हक्क आहे. तुमच्या कवितेतली चार कडवी ते वाक्य बोलायला टाळाटाळ करताहेत.

देवावरचा विश्वास परत येईल का, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही सांगणार नाही. येईल की नाही, तो तुमचा आणि त्याचा मामला. त्याच्यावर खरोखरच राग आला तर एक अभंग त्याच्या नावानं लिहा, ज्यात वडील नाहीत. मग मला पाठवा. जनीच्या शेजारी ठेवून वाचीन, म्हणजे भीड ठेवणार नाही.

बहिणीला हे कात्रण दाखवायला हरकत नाही. वडिलांना दाखवू नका, पुंडलिकाचा भाग तर मुळीच नको.

माळेचा नकार मात्र याच आठवड्यात सांगा. ज्येष्ठ लागला की दिंडीची पावती फाडायला माणसं दारात येतील, वडील तुमचं नाव आपल्या शेजारी लिहायला सांगतील, आणि मग ते "नाही" त्यांना चार माणसांसमोर ऐकावं लागेल.